खळ शिजवताना भाचीला सांगितलेलं

तू वनस्पतींपासून चिकटद्रव्य तयार करायचं काम हाती घेतलं आहेस हे कळलं आणि मला मनापासून आनंद झाला. रसायनशास्त्र तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. रेणूंच्या साखळ्या, बंध, आम्लता हे सगळं तू मला शिकवशील. पण तुझ्या आत्याचं सगळं आयुष्य पुस्तकबांधणीत गेलं. फर्मे दुमडणं, शिवणं, खळ शिजवणं, पुठ्ठ्यावर कापड चढवणं, सगळं या हातांनी केलं. त्यातून जे कळलं ते तुझ्या उपकरणांना कळायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सगळ्यात आधी हे, की सगळ्या कामांना चालेल असा एकच डिंक शोधायच्या मागे लागू नकोस. बाटलीतल्या पांढऱ्या डिंकाने आपल्याला तशी सवय लावली आहे. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आला. त्याआधी सुतार सरस वापरायचे. जनावरांची हाडं नि कातडी उकळून तो करत. दर वेळी तापवावा लागे आणि त्याचा वास घरभर पसरे. तयार डिंकाने सुतारांचा तो ताप वाचवला, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा, म्हणजे पेट्रोलियमपासून आलेला, हा डिंक पुढे लाकूड, कागद, कापड, मुलांच्या वह्या सगळीकडे गेला. कामाप्रमाणे डिंक बदलायचा असतो ही जाणच त्यात मागे पडली. आपल्याकडे कागदाला मैद्याची खळ होती, लिफाफ्याला बाभळीचा डिंक होता, घोंगडीला चिंचोके होते, तबल्याच्या शाईत लोखंडाच्या भुकटीबरोबर शिजवलेला भात होता. पतंगाचा कागद चिकटवायला मुलं भोकराचं फळ फोडायची, नाहीतर बेलफळातल्या बियांभोवतीचा चिकट रस घ्यायची. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचार करून ती वस्तू निवडली होती. तूही आधी काम नीट बघ. काय चिकटवायचं आहे, ते किती वर्षं टिकायला हवं, त्याला पाणी लागणार आहे का, आणि पुढे कधी ते सोडवावं लागणार आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पातेलं चुलीवर ठेवू नकोस.

चौथा प्रश्न लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. पुस्तक शंभर वर्षं राहायचं असेल तर त्याची बांधणी मध्ये कधीतरी उसवावी लागतेच. पाठ फाटते, अस्तराचा कागद जातो, पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडतात. खळीने बांधलेलं पुस्तक असेल तर ओलसर सुती कापड थोडा वेळ ठेवलं की जोड हळूहळू सैल होतो आणि कागदाला इजा न होता सुटतो. पांढरा डिंक एकदा वाळला की प्लास्टिकचा पापुद्रा होऊन कागदाच्या तंतूंत बसतो. ओढला तर कागदच सोलून येतो. म्हणूनच जुनी हस्तलिखितं नि नकाशे सांभाळणारे संवर्धक जगभर आजही गव्हाच्या पिष्टाची खळ वापरतात. तुझ्या अहवालात चिकटण्याची ताकद मोजणारा तक्ता असेलच. त्याच्या शेजारी सुटण्याचा एक रकाना घाल. कागदाच्या बाबतीत तो नसेल तर तुझा तक्ता अपुरा आहे.

आता गव्हाचं सांगते, कारण ते तुला घरीच मिळेल. पुस्तकबांधणीत मैद्याची खळ सर्रास वापरतात. सिनेमाची पोस्टरं, निवडणुकीचे कागद भिंतीवर चढले तेही मैद्याच्याच खळीने. मैदा जोरात चिकटतो, कारण त्यात पिष्टाबरोबर ग्लुटेन असतं. पण तेच ग्लुटेन किडींना आवडतं, पुढे पिवळं पडतं, कडक होतं. पोस्टर ठीक आहे, त्याला आठवडाभर टिकायचं असतं. पुस्तकाला मैदा नको, निव्वळ पिष्ट हवं. आणि निव्वळ पिष्ट काढायची रीत तुझ्या आजीला पाठ होती, कारण ती दर उन्हाळ्यात कुरडया करायची.

कुरडईसाठी काय करतात ते आठव. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. या भिजण्यात थोडं आंबणं होतं आणि पिष्ट प्रथिनापासून सुटं व्हायला मदत होते. मग गहू वाटायचे, पाण्यात कोळून चोथा पिळून काढायचा, गाळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी खाली पांढराशुभ्र चीक बसलेला असतो, वरची निवळ ओतून टाकायची. मीठ आणि हिंग घालायच्या आधीचा हा चीक म्हणजेच संवर्धकाची गव्हाची खळ, फक्त शिजवायची बाकी असलेली. जपानमध्ये गुंडाळीची चित्रं मढवणारे कारागीर हेच पिष्ट वापरतात. त्यातली काही मंडळी तर शिजवलेली खळ मातीच्या घड्यात भरून दहा-दहा वर्षं गार जागी मुरवतात. मुरलेली खळ कमी चिकटते, पण वाळल्यावर फार मऊ राहते, त्यामुळे चित्र गुंडाळताना ताण येत नाही. कमी चिकटावी म्हणून दहा वर्षं वाट बघणारे लोक या जगात आहेत, हे तुझ्या वरिष्ठांना जरूर सांग. ताकद जितकी जास्त तितका डिंक चांगला, हा समज त्याने सुटेल.

शिजवायची पद्धत अशी. एक वाटी चिकाला चार-पाच वाट्या पाणी घे. आधी थंड पाण्यात सगळं नीट कालवून घे, गरम पाण्यात चीक टाकलास तर गुठळ्या झाल्याच म्हणून समज. जाड बुडाचं पातेलं, मंद आंच, आणि चमचा एकाच लयीत फिरता ठेवायचा. गव्हाच्या पिष्टाचे कण साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतात आणि मिश्रण एकदम घट्ट होतं. नवशिके इथेच उतरवतात. तसं करू नकोस. दाट झाल्यानंतर आणखी वीस मिनिटं ढवळत राहा. दुधासारखा पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक दिसायला लागली, चमच्यावरून ओघळताना सलग पट्टा पडला, की झाली. कच्ची राहिलेली खळ त्या दिवशी चिकटते, पण वाळल्यावर पीठ होऊन निघते. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढ आणि लागेल तसं पाणी घालून पातळ कर. फ्रिजमध्ये ठेवलीस तर ती आळते, पाणी सोडते. पुन्हा तापवून ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणून थोडी थोडी कर, ताजी वापर.

साबुदाणा टॅपिओकाचा असतो, त्याची खळ आणखी पारदर्शक आणि ओली असताना जास्त चिकट. कपड्यांना घालायला आपण तीच वापरतो. पातळ रंगीत कागदासाठी ती बरी. बटाट्याच्या पिष्टाचाही अनुभव घे. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटामागचा थर मुख्यतः बटाट्याच्या पिष्टाचाच होता. आणि पिष्ट कोरडंच भाजलं की त्याच्या लांब साखळ्या तुटून डेक्स्ट्रिन होतं. ते थंड पाण्यातही विरघळतं, लवकर पकडतं. लिफाफ्यांना तेच लागतं.

खळ आंबू नये म्हणून काय घालायचं यावर जरा थांबून बोलते, कारण इथे जुन्या माणसांचंही सगळं ऐकायचं नाही. आमच्या धंद्यात खळीत मोरचूद घालायची पद्धत होती. कीड लागत नाही हे खरं, पण मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही चांगलं नाही. तुरटी घालायचे, त्याने खळ टिकते, पण तुरटी आम्लधर्मी आहे. काही दशकांनी कागद ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. या दोन्ही गोष्टी तू घालू नकोस. ओव्याचं फूल, म्हणजे ज्याला तुम्ही थायमॉल म्हणता, ते अगदी चिमूटभर अल्कोहोलमध्ये विरघळवून घातलं तर बुरशी लांब राहते. लवंगेच्या तेलाचे दोन थेंबही चालतात. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लागेल तेवढीच करणं. तुम्ही बाटली दोन वर्षं टिकावी म्हणून जे जे त्यात घालाल, ते ग्राहकाच्या घरात जाणार आहे, मग तो डिंक गव्हाचा आहे असं सांगून भागत नाही.

डिंकाबद्दल. लाडवाला वापरतो तो बाभळीचा नाहीतर धावड्याचा. बाभळीचा डिंक थंड पाण्यात रात्रभर भिजवून ठेवला की विरघळतो, मग मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायचा, कारण त्यात साल आणि माती हमखास असते. उकळू नकोस, रंग गडद होतो. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो आणि वाकवला की तडकतो. त्यासाठी थोडा मध किंवा ग्लिसरीन घालायचं, लवचीकपणा येतो. जलरंगांतही बाभूळ जातीच्या झाडांचाच डिंक असतो आणि तिथेही मध, ग्लिसरीन याच कारणासाठी घालतात. बाजारात कांडोळाचा डिंक स्वस्त मिळेल, पण त्याला भुलू नकोस. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. औषधाला, सरबताला चांगला, कागदाला नाही. आणि डिंक विकत घेताना तो कुणी आणि कसा काढला ते विचार. झाडाला खोल घाव घालून एकदाच भरपूर डिंक काढला तर झाड मरतं. असा डिंक कसला हिरवा?

चिंचोक्यावर मात्र माझा फार जीव आहे. चिंच कोळून झाली की चिंचोके उकिरड्यावर जातात. सणगर आणि धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देत आले आहेत. तिने लोकरीचा धागा एकसंध होतो, मागावर तुटत नाही, आणि घोंगडीला तो ओळखीचा कडकपणा येतो. चिंचोके आधी भाजायचे, म्हणजे वरचं तपकिरी टरफल सुटतं. ते टरफल पूर्ण काढ, राहिलं तर खळ तांबूस होते आणि कागदावर डाग पडतो. मग आतला पांढरा गर भिजवून, वाटून, भरपूर पाण्यात शिजवायचा. तो गव्हापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो, म्हणून कमी पिठात जास्त खळ होते. सूत आणि ताग विणणाऱ्या गिरण्यांतही चिंचोक्याचं पीठ वापरात आहे. म्हणजे हा माल आधीच गोळा होतो, दळला जातो, विकला जातो. नव्या डिंकाला लागणारी अर्धी व्यवस्था तुला आयती मिळेल. शिवाय यात कुणाच्या ताटातलं अन्न जात नाही. गहू, मका, साबुदाणा ही माणसाची अन्नं आहेत. डिंक कारखान्यात टनांनी लागणार असेल तर आधी कचऱ्याकडे बघ, धान्याकडे नंतर.

त्याच हिशेबाने कोकणातल्या काजूच्या टरफलांकडे बघ. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा इथे काजू फोडण्याचे कारखाने आहेत आणि टरफलांत झणझणीत तेल असतं. हातांना लागलं की कातडी जळते, फोडणाऱ्या बायकांना विचार. त्या तेलातला कार्डानॉल फिनॉलच्या जागी काही प्रमाणात वापरता येतो, आणि प्लायवूडच्या गोंदासाठी आपल्या देशात त्यावर काम झालेलं आहे. पण यात काम करताना हातमोजे घातलेच पाहिजेत. वनस्पतीतून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं समजून चालू नकोस.

लाकडाचा विषय आला तर तिथे खळीचा हट्ट धरू नकोस. पिष्टाला पाणी सोसत नाही. टेबलाचा पाय खळीने जोडला तर पहिल्याच पावसाळ्यात कळेल. प्लायवूडला बराच काळ युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद लागत आला आहे. त्यातून फॉर्माल्डिहाइड हवेत सुटतो आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. बंद खोलीत नवं कपाट आणलं की डोळे चुरचुरतात ते यामुळेही असू शकतं. याला वनस्पतींचं उत्तर आहे, आणि ते नवं नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत सोयाबीनच्या पेंडीपासून प्लायवूडचा गोंद करत होते. ओलाव्याला तो टिकेना, बुरशी येई, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गोंदांनी त्याला मागे टाकलं. पुढे ओरेगॉन स्टेट विद्यापीठात काइचांग ली यांनी समुद्रातले शिंपले लाटांच्या माऱ्यातही खडकाला कसे धरून राहतात याचा अभ्यास केला. त्या प्रथिनाची ढब सोयाबीनच्या प्रथिनात आणता येईल, हे त्यांनी दाखवलं. त्यावर आधारलेलं फॉर्माल्डिहाइडविरहित प्लायवूड अमेरिकेत २००५च्या सुमारास बाजारात आलं, आणि २००७ साली या कामाला तिथला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दक्षिण आफ्रिकेत १९७०च्या दशकापासून वॉटल नावाच्या बाभळीच्या भाईबंदाच्या सालीतलं टॅनिन लाकडी फळ्यांच्या गोंदात वापरतात. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात सोयाबीन मुबलक पिकतं, तेल काढल्यावर पेंड उरते. ती जनावरांना लागते, त्यामुळे हा कचरा नाही, हेही हिशेबात धर. तरी लातूरची पेंड आणि कोकणातलं टरफल यांचा गोंद करून बघण्यासारखा आहे. तू करावास असं मला फार वाटतं.

त्या सोयाबीनच्या गोष्टीतला एक भाग लोक सांगत नाहीत. ओलाव्याला टिकावं म्हणून त्यात जोडरसायन म्हणून एक कृत्रिम राळ घालावी लागली, आणि ती वनस्पतीची नव्हती. त्यात लपवण्यासारखं काही नाही, गोंद खूपच चांगला झाला. पण बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं कधी लिहू नकोस, जोवर ते खरं नाही. जितका भाग वनस्पतीचा तितका लिही, उरलेला काय आहे तेही लिही. कुरिअरने येणारी पन्हळी पुठ्ठ्याची खोकी मक्याच्या पिष्टानेच जोडलेली असतात, अनेक वर्षं, जगभर. त्या पिष्टात कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्स असतो. बोरॅक्स प्रजननाला घातक ठरू शकतो म्हणून २०१० साली युरोपने त्याला अतिचिंतेच्या यादीत घातलं. बोरॅक्सशिवाय तितकाच पटकन पकडणारा मक्याचा गोंद तुला करता आला, तर ते काम माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं होईल. कारण खोकी कोट्यवधी आहेत. एकदा रद्दीत गेली की पिष्टाचा गोंद पाण्यात सुटतो आणि कागद पुन्हा वापरता येतो, प्लास्टिकचे चिकट डिंक मात्र लगद्यात गोळे होऊन यंत्रात अडकतात.

आता तपासणीच्या चार-दोन गोष्टी. जोड वाळल्यावर ओढून बघ. कागदाचे तंतू फाटले तर गोंद पुरेसा, गोंदाचा थरच सुटला तर एकतर तो कच्चा आहे नाहीतर जाड लागला आहे. नवशिकी माणसं थर जाडच लावतात. पातळ थर आणि भरपूर दाब, हीच जुन्या बांधणीची रीत. खळीत पाणी असतं, त्यामुळे कागद ओला होऊन आडवा वाढतो. खळ लावल्यावर लगेच चिकटवू नकोस, दोन-तीन मिनिटं कागद ताणला जाऊ दे, मग बसव, नाहीतर सुरकुत्या येतात. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चढवलास तर तो वाळताना त्या बाजूला वाकणार. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कागद, त्याच धाग्याच्या दिशेने चढव. मग सोख कागदात घालून दाबाखाली ठेव, आणि सोख कागद दर काही तासांनी बदल. पुस्तक घाईने दाबाखालून काढलंस तर पुढे कितीही चांगला गोंद असला तरी उपयोग नाही.

आणि शेवटची अट. तुझ्या प्रयोगशाळेत आर्द्रता राखणारी पेटी असेल, तिच्यात चाचणी कर, जरूर कर. पण खऱ्या घरातही ठेव. कोकणातल्या एखाद्या घरी, दमट भिंतीच्या कपाटात, तुझ्या गोंदाने बांधलेल्या वह्या जूनमध्ये ठेव आणि दिवाळीच्या आसपास बाहेर काढ. बुरशी आली का, कसर लागली का, पुठ्ठा सुटला का, हे बघ. एक पावसाळा पार पडल्याशिवाय ती बाटली विकायला काढू नकोस. पहिल्या बाटलीतला थोडा गोंद मला पाठव, मी त्याने एक पुस्तक बांधून ठेवीन.